सुधाक्काच्या माश्या

सुधाक्काच्या माश्या माझ्यामुळे मेल्या, आणि मी तिला सांगितलं की मजेत आहेत.

आज तिला जाऊन महिना झाला. अजून रडू आलेलं नाही. डबा खाते, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये बसते, लॅबला जाते.

सुधाक्का लॅबमधली माझी सीनियर. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूतलं मराठी घर.

केळ्यावर घोंगावतात त्या बारक्या माश्यांवर आमचं काम. नरात चौसष्ट शुक्राणू एकाच जुडीत वाढतात आणि शेवटी सुटे होतात. अक्काला एक म्युटेशन सापडलं होतं, त्यात ते सुटतच नाहीत. नर धडधाकट, पिल्लं शून्य; वंश चालतो तो जीनची एकच बिघडलेली प्रत असलेल्या माश्यांवर.

त्या जीनचं नाव तिने ठेवलं ‘बिडल्ला’. कन्नडमध्ये, सोडत नाही.

पाच वर्षं घातली तिने त्यात.

अ‍ॅडमिट व्हायच्या आधी म्हणाली, "दर दोन आठवड्यांनी नव्या बाटलीत घाल, बस. स्वल्प लक्ष ठेव गं."

मी भावाच्या लग्नाला नाशिकला गेले. मग ताप. सव्वा महिना गेला. लॅबमध्ये कोणाला एक फोन करायचा, तोही केला नाही.

परत आले तर बाटल्यांतलं खाणं वाळून कडक, वर बुरशी. मूळ आणि राखीव, दोन्ही सेट मेलेले.

हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं, "कशा आहेत?"

"मस्त. भरपूर अळ्या आहेत."

"सरी," म्हणाली, म्हणजे ठीक आहे.

वाटलं, सुटले. पुन्हा तिने माश्यांचा विषय काढला नाही.

काल तिच्या आईचा फोन.

"अगं, या माश्यांचं काय करू? मक्याचं पीठ संपलं."

मला काही कळेना.

दवाखान्यात जायच्या आधीच अक्काने दोन बाटल्या घरी नेल्या होत्या. काकू मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, चायना ग्रास शिजवून त्यांना खाऊ घालत होत्या. लेक गेली त्या आठवड्यातसुद्धा.

आज सकाळी मल्लेश्वरमला तिच्या घरी गेले. फ्रिजवर बाटल्या, तोंडाला कापूस. आत बिडल्ला. जिवंत.

"काकू, मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणाली. तुझ्याकडच्या मेल्या, हे तुझ्या आवाजावरनंच कळ्ळं तिला. विचारलं तर पोर रडत बसेल म्हणाली."

मी रडले नाही. फ्रिजवरची एक बाटली उचलली.

म्हटलं, लॅबला नेते.

"ने," काकू म्हणाल्या. "एक बाटली राहू दे इथे."

राहू दिली.

अक्का, मी खोटं बोलले. तुझ्यासमोर म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर म्हणते.

माफ कर. नमस्कार.