तरतूद नाही, असं मी लिहिलं होतं

त्या वर्षी नांदेडला मार्चमध्येच अंगाची लाही होत होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. दर वर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की मी आणि कोषागारातून निवृत्त झालेले एक काका, आम्ही दोघं मिळून त्याची जाडजूड पुस्तकं वाचायचो. आपल्या भागाच्या वाट्याला काय आलंय ते चार पानांत सोप्या मराठीत छापायचो आणि गावोगावच्या वाचनालयांना पाठवायचो. काकांचा नियम एकच. विशेषण लिहायचं नाही. "विशेषण आलं की बाजू आली बघा बाई," ते म्हणायचे.

त्या वर्षी दोनच विषय लोकांच्या तोंडी होते, पाणी आणि नवा जिल्हा. माझं माहेर जळकोटचं. माझा धाकटा भाऊ तिथं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि लातूरमधून वेगळ्या होऊ पाहणाऱ्या नव्या जिल्ह्यासाठीच्या कृती समितीचा सचिव होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एका दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लातूरला जायचं म्हणजे माणसाची दिवसभराची मजुरी बुडायची. आमच्या वडिलांनी स्वतः शिकून आम्हाला शिकवलं ते असेच खेटे घालत. त्यामुळे जिल्हा जवळ यावा असं मलाही वाटायचं. पण ते लिहायचं नव्हतं. पुस्तकात काय आहे, एवढंच लिहायचं होतं.

मी लिहिलं की नव्या जिल्ह्याच्या कार्यालयासाठी फक्त टोकन तरतूद आहे, आणि जळकोटच्या पाणी योजनेला यंदा तरतूद नाही.

पत्रक जाऊन आठ दिवस झाले असतील. भावाचा फोन आला.

"अक्का, काय करून ठेवलंस हे? लातुरात जिल्ह्याच्या इरोधात सभा झाली. तुझा कागद वाचून दाखवायलेत. पाणी पाजायला पैसा न्हाई आन ह्यांना जिल्हा पायजे, असं म्हणतेत."

"मी असं लिहिलेलंच नाही."

"तू लिहिलं न्हाईस, पण त्यांच्या हातात दिलंस."

मी फोन ठेवला. राग त्याच्यावर नव्हता. मला शंका आली होती. मी सगळं पाहिलं होतं का? दुपारी कॉलेजातून तडक काकांच्या घरी गेले आणि पुस्तकं पुन्हा उघडली. पाणीपुरवठ्याच्या पुस्तकात योजना खरंच नव्हती. काकांनी चष्मा पुसला, ग्रामविकासाचं पुस्तक ओढलं आणि मागच्या पानांवरून बोट फिरवत गेले. एका ओळीवर ते बोट थांबलं. योजना त्या वर्षी दुसऱ्या खात्याकडे गेली होती. तरतूद होती. मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं.

नोकरी जाणार नव्हती की कोणी खटला भरणार नव्हतं. पण आमचा कागद लोक वाचत होते तो एकाच भरवशावर, आणि तो मीच मोडला होता. शिवाय आता दुरुस्ती छापली तर सगळे म्हणणार, भावासाठी शब्द फिरवला.

"न छापता चालेल का?" मी विचारलं. आज लिहितानाही त्या प्रश्नाची लाज वाटते.

काका रागावले नाहीत. "चूक जेवढ्या अक्षरात छापली तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती," म्हणाले. "आन जिथं जास्त बोंब झाली तिथं सोता जाऊन वाचायची."

दुरुस्ती तेवढ्याच अक्षरात छापली आणि वाचनालयांबरोबर लातूरच्या सभावाल्यांनाही टपालाने पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही. सगळ्यात जास्त बोंब जळकोटात होती, म्हणून रविवारी सकाळच्या एसटीने मी तिकडे निघाले. नायगावच्या पुढे रस्त्याकडेला रिकाम्या घागरींच्या रांगा होत्या, पण माणसं दिसत नव्हती. मनात एकच वाक्य घोळत होतं आणि दर वेळी ते नव्या ठिकाणी अडखळत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात समितीची सभा होती. मी उभी राहिले आणि सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली. पाणी योजनेला तरतूद आहे. ती दुसऱ्या पुस्तकात होती. मी बघितलं नाही."

टाळ्या पडल्या. भावाने लगेच माइक घेतला. "ऐकलं का? पाणी बी हाय आन आता जिल्हा बी येणार!"

हेच मला नको होतं. सगळ्यांच्या समोर मी त्याच्या हातातून माइक घेतला.

"जिल्ह्याबद्दल मी लिहिलं ते चुकलेलं नाही. तिथं फक्त टोकन आहे."

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "टोकन म्हंजी काय गं बाई?"

"म्हणजे पुस्तकात जागा धरून ठेवायला नावापुरती रक्कम. पुढे पैसे येतीलही, न येतीलही. आज एवढंच आहे."

"आन पाणी कधी येतंय?"

"ते पुस्तकात लिहिलेलं नाही."

"मंग ज्येला ठाऊक हाय त्येचं हापिस सांग."

मी खात्याचं नाव सांगितलं, त्या ओळीचा पान क्रमांक सांगितला आणि सोबत आणलेली त्या पानाची प्रत तिच्या हातात दिली. टाळ्या पडल्या नाहीत. निम्मी माणसं उठून गेली. भाऊ मला स्टँडवर सोडायला आला नाही.

पुढचं मला भावजयीकडून कळलं. सोमवारी ती म्हातारी सात-आठ बायकांना घेऊन भावाच्या दुकानात गेली. तो त्या पानाच्या प्रती काढत राहिला. बायका ते पान घेऊन कार्यालयात गेल्या, परत पाठवल्या गेल्या, पुन्हा गेल्या. पाऊस सुरू झाल्यावर कुठे खोदकामाला सुरुवात झाली. तोवर गाव टँकरवरच जगलं. एक टाकी बांधून झाली, दुसरी अर्धवट राहिली. जिल्हा झाला नाही.

भावाने दोन-अडीच महिने अबोला धरला. मग एका सकाळी फोन आला. हालहवाल नाही, काही नाही.

"अक्का, पुरवणी मागण्यांचं पुस्तक आलंय म्हणं. आमच्या टोकनाचं त्यात काय हाय का, कसं बघायचं?"

"बघून सांगू का?"

"न्हाई. मला बघायला शिकव. तुझ्यावर आता इस्वास न्हाई."

तो चेष्टा करत होता की खरंच बोलत होता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी त्याला पान उघडायला सांगितलं.