हत्तीच्या भटारखान्यात मोठे सर

किस्से कुणी साठवत नसतं. ते होस्टेलच्या दारातल्या चपलांसारखे साचतात. कोणती कुणाची, डावी कुठं गेली, उजवी कुठं, काही कळत नाही. ढीग मात्र दरवर्षी वाढतो. मी लातूरला एका क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर रेक्टर होते, एवढं सांगितलं की आमच्या कॉलनीतल्या बायका हातातलं निवडणं बाजूला ठेवतात नि म्हणतात, "ते हत्तीचं सांगा की!"

तर हत्तीचं.

क्लासच्या मालकांना आम्ही सगळे मोठे सर म्हणायचो. ते फिजिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात भाषण करायचे. भूकंपाला नऊ-दहा वर्षं झाली होती. लातुरात ज्याच्याकडे चार खोल्या त्याचं होस्टेल आणि ज्याच्याकडे फळा त्याचा क्लास, असा जमाना होता.

त्या वर्षी सीईटी झाली, निकाल लागायचा होता आणि समोरच्या क्लासवाल्यांनी आपल्या स्टाफला महाबळेश्वरला नेलं. मोठ्या सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीटिंग घेतली.

"आपण हत्तीकडे जायचं! कर्नाटकात जंगलात हत्तींचं अभयारण्य आहे. नुसतं बघायचं नाही, त्यांचं खाणं आपल्या हातानं करायचं. टीम बिल्डिंग!"

मी म्हटलं, "सर, आपल्या होस्टेलवर शेकड्यानं लेकरांचं खाणं होतं. तिथं नाही का होत टीम बिल्डिंग?"

"मॅडम, तुम्ही लई निगेटिव्ह बोलून राहिल्या!"

गाडीत आम्ही चौदा जण. त्यात चांदपाशा मामू. हे आमच्या मेसचे आचारी, निलंग्याचे. पांढरी दाढी, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मोठ्या सरांना बाहेरचं तेल बाधायचं, म्हणून मामूंना सोबत घेतलं होतं. तसं बघितलं तर एक तारखेपासून मामूंची कायमची सुट्टीच होणार होती. मेससाठी पुण्याचे कॅटरिंगवाले ठरले होते, डोक्याला जाळी नि हाताला मोजे घालणारे. मामूंना सोडून सगळ्या गाडीला हे ठाऊक होतं!

* * *

बायोलॉजीचे कदम सर सोळा वर्षं हत्ती शिकवत होते.

"हत्तीचे सुळे हे सुळे नव्हेतच! ते पटाशीचे दात! लिहून घ्या, पेपरात येतं!"

निलंगा सोडल्यापासून त्यांनी आम्हाला हत्ती शिकवायला घेतला. सोंडेत हाडं का नसतात, दाढा किती वेळा येतात, कानाचा उपयोग काय. बिदर गेलं, हत्ती चालू. तुंगभद्रा ओलांडली, हत्ती चालूच. पांचाळ सर केमिस्ट्रीचे. त्यांनी कानात कापूस घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अभयारण्यातल्या हत्ती-कॅम्पच्या फाटकाशी थांबली. तेवढ्यात एक हत्तीण नदीवरून अंघोळ करून येत होती, आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. कदम सर सगळ्यांच्या आधी उतरले. त्यांनी वर बघितलं. आणखी वर बघितलं. मग उतरले होते तसेच मागच्या पावली गाडीत चढले आणि खिडकीची काच लावून घेतली.

"सर, काय झालं?"

काच बोटभर सरकली.

"आकृतीत एवढा नसतो!"

* * *

कॅम्पवर हत्तींच्या डॉक्टर होत्या, तरुण कानडी बाई. आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला. भटारखान्यातला आचारी तापानं पडला होता. नाचणी शिजवून उंडे करायचे, हुलगे उकडायचे, गूळ-मीठ घालायचं, पेंढ्यात धान नि खोबरं गुंडाळून गाठोडी बांधायची. साडेनऊला हत्ती ओळीत येऊन उभे राहणार, आणि उपाशी हत्तीला 'पाच मिनिटं थांब' सांगता येत नाही.

"गाव से आदमी बुलाती हूं," त्या म्हणाल्या.

मोठे सर पुढं झाले. "नो नीड! आमची टीम आहे!"

चुलीतला कोळसा उचलून त्यांनी भिंतीवर टाइमटेबलच लिहिलं. बॅच ए, नाचणी. बॅच बी, गूळ. बॅच सी, पेंढा. मामू बाह्या वर करत पुढं आले, तर सर म्हणाले, "मामू, तुम्ही आमच्या चहाचं बघा."

पाणी आधी की पीठ आधी, यावर पाव तास चर्चा झाली. शेवटी पांचाळ सरांनी उकळत्या पाण्यात पिठाचं अख्खं पोतं उपडं केलं. जे तयार झालं ते वरून दगड आणि आतून कोरडं पीठ.

मोठे सर म्हणाले, "शेप चांगला आलाय!"

डॉक्टर मॅडमनी एक उंडा फोडला, तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला आणि बाजूला जाऊन थुंकला. "ये नहीं चलेगा."

"मॅडम, हत्तीला काय कळतंय?"

"पेट उसका दुखता है, सर. तो समझता भी उसी को है." मग त्या म्हणाल्या, "जो मैं खुद नहीं खा सकती, वो इनको नहीं देती. रोज चखती हूं."

आमच्यात कुणी कुणाकडे बघेना. मामूंच्या हाताला चव होती, पण मेसला डाळ मोजून काढून देणारा हात मोठ्या सरांचा होता. आणि ती डाळ सहा वर्षांत त्यांनी एकदाच चाखली होती, उद्घाटनाचा नारळ फोडल्यावर!

सर म्हणाले, "चांगली सिस्टिम आहे. मॅडम, नोट करून घ्या."

मी नोट केलं. वही अजून आहे. सिस्टिम नाही.

* * *

नऊ वाजत आले. मामू चहाचा ट्रे घेऊन आले, कढईत डोकावले आणि ट्रे खाली ठेवून मला म्हणाले,

"बाई, लाकडं मागं ओढा. जाळ लई झाला."

पांचाळ सर पळी घेऊन धावले. "मी काय करू, मामू?"

"सर, तुमी त्या दगडावर बसा. लई मदत हुईल."

मामूंनी नवं आधण ठेवलं. एका हातानं पीठ भुरभुरवायचं, दुसऱ्या हातानं वल्ह्याएवढ्या लाकडी दांड्यानं हाटायचं. मी गूळ फोडत होते, लाकडं सारत होते. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायचं काम पडत नव्हतं. ही सवय भूकंपातली.

माझं सासर किल्लारीकडचं. आमच्या घरातले तिघं गेले. पत्र्याच्या शेडसमोर खिचडीच्या देगा लागायच्या, मी ताट घेऊन ओळीत उभी राहायचे आणि नंबर आला की तशीच माघारी फिरायचे. दोन दिवस असं झालं. तिसऱ्या दिवशी देगीवरच्या माणसानं विचारलं, "नाव काय तुमचं?" त्या आठवड्यात जो येई तो कागद-पेन्सिल घेऊन मयतांची नावं विचारायचा. माझं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "हां. आता ताट पुढं करा." मी जेवले. चौथ्या दिवसापासून मी त्याच देगीखाली लाकडं सारायला लागले. तो माणूस म्हणजे चांदपाशा मामू.

साडेनऊला हत्ती ओळीत आले. मामू प्रत्येकापुढं थांबून माहुताला विचारायचे. माहूत रसूलभाई, म्हातारा, तोही दखनीच बोलणारा.

"इसका नाम?"

"गौरी."

"गौरी बेटी, ले. गरम है, सबर से."

मोठे सर घड्याळाकडे बघत ओरडले, "मामू, नावं कशाला विचारून राहिले? नंबर टाका, फास्ट होईल!"

आमच्या होस्टेलवर तसंच चालायचं, पोरींना नंबर. 'बी-चाळीसला ताप आहे.' 'सी-बारा रडून राहिली.' एकदा बी-चाळीसची आई भोकरहून डबा घेऊन आली आणि फाटकावर पोरीचं नाव सांगितलं. शिपायानं रजिस्टर बघून उत्तर दिलं, "ह्या नावाचं कुणी न्हाई हितं!"

पोरगी वरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होती.

* * *

दुपार उतरली तशी रसूलभाईनं हत्ती जंगलात सोडले. मोठे सर दचकलेच.

"अहो, सोडले कुठं?"

"जंगल में. सुबह खाने कू आते."

"पळून जात नाहीत?"

"नै जाते."

"कंपाउंड कुठंय?"

"नै है."

"मग रोखतं कोण?"

"रोकना कायकू, साब? अच्छा खिलाना, प्यार से बुलाना. आते."

सर विचारात पडले. आमच्या मुलांच्या होस्टेलची भिंत दोन पुरुष उंच, वर काचा लावलेल्या. तरी दर महिन्याला एक-दोन पोरं हात कापून घेऊन गावाकडची एसटी पकडायची. मला वाटलं, आता माणसाच्या डोक्यात उजेड पडणार. सर पाच मिनिटं जंगलाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, हत्तीला उडी मारता येत नाही. म्हणून ह्यांचं भागतंय!"

गाडीच्या खिडकीतून कदम सर ओरडले, "करेक्ट! पेपरात आलंय!"

* * *

लातूरचा एक नियम होता. सर आपल्याच क्लासचा असला की त्याला खडूसुद्धा मागून घ्यावा लागतो. समोरच्या क्लासचा फोन आला की तोच सर हिरा होतो.

निघायच्या दिवशी डॉक्टर मॅडम मोठ्या सरांना म्हणाल्या, "ये चाचा हमको दे दीजिए. रहने को घर देंगे."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चांदपाशा मामू? अहो मॅडम, मामू म्हणजे आमच्या क्लासचा कणा आहेत, कणा!"

गाडीतले सगळे छताकडे बघायला लागले. वाटेत पहिला एसटीडी बूथ लागला तिथं सरांनी गाडी थांबवली आणि पुण्याला फोन लावून कॅटरिंगवाल्यांना नाही म्हणून सांगितलं.

मामूंनी मॅडमना आपलं उत्तर तिथंच, गाडी सुटायच्या आधीच दिलं होतं. "हाथी अच्छे हैं, बेटी. लेकिन बोलते नै. हमारे बच्चे रोज बोलते, मामू, रोटी कच्ची है. वो सुने बगैर मेरेकू चैन नै पडता."

परतीच्या वाटेवर मी हळूच विचारलं, "मामू, कॅटरिंगचं तुम्हाला ठाऊक होतं?"

मामू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, चौदा जणांच्या गाडीत तेरा जण माझी नजर चुकवत होते. मी आचारी हाय, आंधळा न्हाई."

* * *

फ्लेक्स तेव्हा नवीनच आले होते. मोठ्या सरांना हत्तीला घास भरवतानाचा आपला फोटो फ्लेक्सवर हवा होता, म्हणून कॅम्पवर पांचाळ सरांच्या गळ्यात कॅमेरा अडकवला होता. सरांनी उंडा उचलला. गौरीनं सोंड पुढं केली. सर म्हणाले, "एक मिनिट, केस नीट करू द्या," आणि हात मागं घेतला. पुन्हा उंडा पुढं. पुन्हा सोंड. "एक मिनिट, उजेड बघा." पुन्हा हात मागं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी गौरी सरांना वळसा घालून सरळ मागं गेली. तिथं मामू घमेलं घेऊन उभे होते. पांचाळ सरांचं बोट नेमकं तेव्हाच दाबलं गेलं आणि रीळ संपलं!

रोल धुऊन आला तर हत्तीचा नीट आलेला एवढा एकच फोटो. मधोमध गौरी, तिच्यासमोर पांढऱ्या दाढीचे मामू, आशीर्वाद दिल्यासारखा हात वर. कडेला मोठे सर, तिच्या मागच्या पायाआड अर्धे. नवी बॅच तोंडावर आलेली, दुसरा फोटो आणणार कुठून? तोच छापला. खाली लिहिलं, 'येथे यश घडते!' आणि बसस्टँडसमोर लावला.

ॲडमिशनच्या पहिल्याच दिवशी देगलूरकडचा एक शेतकरी पोरीला घेऊन ऑफिसात आला. मी फॉर्म भरून घेत होते, मोठे सर खुर्चीत.

"ते फोटूतले दाढीवाले सर कोणते?"

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "ते... आमचे सीनियर फॅकल्टी आहेत."

"कोणता विषय असतो त्यांना?"

सर काही बोलायच्या आत मामूच हातात वरणाचं पातेलं घेऊन दारावरून निघाले. शेतकऱ्यानं उठून त्यांचे पायच धरले. "सर, ह्या पोरीचं काई हुईल का? डॉक्टर हुईल का?"

मामूंनी पातेलं खाली ठेवलं आणि पोरीकडे बघितलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"सकाळपास्नं काय खाल्लंस, बेटा?"

"काई न्हाई. एसटी लागते."

"मग चल. पहिलं वरण-भात. डॉक्टर मागून."

पोरगी उठली आणि त्यांच्यामागं मेसकडं चालायला लागली. शेतकरी डोळे पुसत मोठ्या सरांकडे वळला.

"बगा! लगेच शिकवायले! सर, ह्यांच्याच बॅचला टाका तिला."