सातुर्नीनाच्या घरातली सहा माणसं

जनगणनेच्या दिवशी आमच्या विलाकोल्यो गावात कुणी उंबरा ओलांडायचा नाही, असा सरकारी हुकूम. ओलांडायला उरलंय कोण म्हणा! वरच्या वस्तीतल्या घरांची छपरं गेली, मधल्या वस्तीत नुसता वारा, आणि खाली तांबड्या ओढ्याकाठी आम्ही म्हातारे. कथलाची खाण चालू होती तेव्हा इथं चार हजार माणूस होतं. मागच्या मोजणीत भरलं दोनशे नऊ. यंदा दोनशेच्या खाली गेलो, की गावचा दवाखाना बंद.

सातुर्नीना म्हातारीला त्याचाच घोर होता. खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर बसून तिनं बत्तीस वर्षं हातोडीनं दगड फोडले, त्यातलं कथील वेचलं. त्या धुळीनं छाती खाल्ली. आता दवाखान्यातल्या ऑक्सिजनवर बाई तगून होती. दुसरा दवाखाना बसनं पाच तासांवर.

मोजणीच्या आदल्या दिवशी शहरातली पोरं बस भरभरून गावी येतात, इथलीच म्हणून नावं लावतात आणि परततात. सगळ्याच गावांची ही रीत. गावप्रमुख प्लासिदोनं आधीच हिशेब केला होता. सातुर्नीनाचा लेक रुफीनो, सून आणि तीन नातवंडं धरून बरोबर दोनशे. रुफीनो हो म्हणाला होता. म्हातारीनं बिछाने घातले, सहा जणांपुरते सुकवलेले बटाटे भिजत टाकले.

बस खच्चून भरून आली. रुफीनोचं कुटुंब तेवढं नव्हतं, त्याचा फोन आला. शहरातल्या त्याच्या वस्तीला गटारं हवी होती, तिथंही डोकी कमी पडत होती, गैरहजर राहिला तर वस्तीवाले नळ तोडणार होते.

"तिथं काय उरलंय, आई?" तो म्हणाला.

मी उरलेय, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण आधी खोकलाच आला.

सकाळी प्लासिदोनं आपल्या दारातूनच बजावलं, "सहाच सांग. सगळे तापानं झोपलेत म्हण. मोजणारी पोरगी बाहेरची आहे, तिला काय कळतंय!"

पोरगी आली. गुणी होती बिचारी, आत डोकावलीसुद्धा नाही. सातुर्नीनानं धडाधड नावं सांगितली: रुफीनो, देल्मीरा, येर्को नऊ वर्षांचा, आबिगाइल सहाची.

"आणि धाकटी, मावशी?"

सातुर्नीनाला नाव ठाऊकच नव्हतं. धाकटी झाली तेव्हा नाव ठरलं की कळवतो, असं रुफीनो म्हणाला होता. त्याला दोन वर्षं झाली. आजीनंच नातीचं नाव विचारायचं, याची तिला लाज वाटायची. आता कुठलंही नाव ठोकून द्यायचं, झालं! पण जीभ उचलेना. जिचं नाव माहीत नाही, तिला आपल्या घरात झोपवायची तरी कशी?

"खोड ते सगळं," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

पाच महिन्यांनी दवाखान्याला कुलूप लागलं. प्लासिदो अजून तिच्याशी बोलत नाही. त्या दिवशी नर्सबाई ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन गाव सोडायला बसपाशी उभी होती, तिथं धापा टाकत सातुर्नीना पोचली.

"माझ्या रुफीनोला फोन लाव गं बाई. दवाखान्याचं काही बोलू नकोस. धाकटीचं नाव तेवढं विचार."

नर्सनं फोन लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही, आणि ड्रायव्हरनं बस चालू केली.