बेटाचं चौथं पान

माझ्या मेव्हण्याला कॅरेबियन समुद्रातल्या एका बेटावर नोकरी लागली, तेव्हा ते बेट कुठं आहे हे घरात मलाच विचारलं गेलं. मी म्हणालो, "अमेरिकेच्या बाजूला." या दोन शब्दांवर सासूबाईंनी पंधरा दिवसांत दोन स्वेटर विणले, त्यातला एक लांब बाह्यांचा. बेटावर बारा महिने उन्हाळा असतो, हे व्हिसाचे कागद आल्यावर कळलं.

"लोकर गेली तं जाऊ द्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पण पोट्टा चालला कुठी, हे आता तरी नीट पाहून सांगा. तुम्ही हव म्हणाल तं धाडतो."

मुलगा एकुलता एक. राज्य नुकतंच झालेलं, रायपूर राजधानी झालेलं, आणि मेव्हणा तेलीबांध्याच्या एका नव्या हॉटेलात स्वयंपाकी. सगळं जग राजधानीत यायला निघालं असताना हा बाहेर कसा चालला, हे पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीला उमगेना. "इधर शादी का पनीर बना-बना के बुढ्ढा हो जाऊंगा, जीजाजी," तो म्हणायचा. आमच्याकडची तरुण मंडळी मराठीत ऐकून घेतात आणि हिंदीत निकाल देतात.

स्वेटरांनी गेलेली पत परत मिळवायची म्हणून मी तात्यापाऱ्यातल्या सायबर कॅफेत जाऊन बसलो आणि बेटाची माहिती छापून घेतली. चार पानं झाली. मी सरकारी कचेरीतला बाबू. राज्याची वाटणी झाली तेव्हा फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे आले होते. कुठलं पान कुठं गेलं यावरून भांडण नको, म्हणून आमच्या शाखेत नियम झाला होता की कागद हातात आला की आधी आकडा, मग मजकूर. कॅफेच्या पायरीवरच खिशातलं लाल पेन काढून मी कोपऱ्यांत आकडे टाकले. १/४, २/४, ३/४, ४/४. मग वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर पांढरी वाळू, धबधबे, मेलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं. दुसऱ्यावर बेटाचं पोट कशावर चालतं ते. आधी ऊस होता, तो गेला. मग केळी आली, तिचाही भाव गेला. जायफळ होतं, अजूनही थोडं होतं. तिसऱ्या पानावर आताचा धंदा: पाहुणे. बंदरात मोठं जहाज लागलं की बाजार उघडतो, जहाज सुटलं की बंद. वाचताना मला उगीचच वाटलं की या बेटाला एका वेळी एकच खुंटी मिळते, आणि ती कुणीतरी येऊन उपटून नेतं.

कोण उपटतं, ते चौथ्या पानावर होतं. जून ते नोव्हेंबर, वादळांचा मोसम. जायफळाचं झाड फळायला सात-आठ वर्षं लागतात आणि आडवं व्हायला एक दुपार. खाली छपरं उडालेल्या एका गावाचं चित्र होतं. भिंती उभ्या, वर आभाळ.

त्या पायरीवर मी बराच वेळ बसलो. आधी थंडी सांगितली, आता वादळ सांगायचं? सासूबाई नाही म्हणाल्या असत्या, आणि मेव्हण्यानं जन्मभर मला बोल लावला असता. खरं सांगायचं तर पोराच्या जिवापेक्षा मला माझं हसं होण्याची काळजी जास्त होती. चौथं पान मी घडी घालून घरच्या कपाटात, फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं.

उरलेली तीन सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. बायकोनं ती हातात घेतली, अंगठ्यानं कोपरा सरळ केला.

"एवढंच?"

"एवढंच."

हिवाळ्यात तो गेला. आईनं तळहातावर दही ठेवलं आणि त्याच्या नकळत लांब बाह्यांचा स्वेटर बॅगेत कोंबला. दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे त्याचा फोन यायचा. तिथं तेव्हा सकाळ असे. मे महिन्यात त्यानं पाकीट पाठवलं, आख्खी जायफळं, लाल जायपत्रीत गुंडाळलेली. स्वयंपाकघर आठवडाभर घमघमत होतं. सगळे वास घेत होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

जून गेला. जुलै गेला. "समंदर कैसा है?" मी दर वेळी विचारायचो. "अपने तेलीबांधा तालाब जैसा, जीजाजी," तो हसायचा. घरच्यांना वाटे, जावयाला समुद्राचं भारी वेड लागलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आज जहाज नहीं आया. लोग खिड़कियों पे पटिये ठोंक रहे हैं. मालिक बोला, कुछ नहीं है."

मी रिसीव्हर ठेवला. आतून बायकोनं विचारलं, "काय म्हणून राहिला?"

"मजेत आहे."

दुसऱ्या दिवशी पुरणात घालायला ती त्याचंच जायफळ किसत होती, तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर खालून बातमीची पट्टी सरकली. बेटाचं नाव आम्हाला कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. वाचता मात्र सगळ्यांना आलं. फोन लावला तर पलीकडे नुसता सूं आवाज. संध्याकाळी सासूबाई आल्या आणि फोनजवळ बसल्या त्या उठल्याच नाहीत. मातीचे बैल पूजेविना पाटावर तसेच राहिले.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही तं सगळं वाचलं होतं, जावईबापू. त्यात वाऱ्याचं काई नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला त्याचा फोन आला. शाळेच्या पक्क्या इमारतीत दोनशे माणसांत पडून होता. हॉटेल बंद, छप्पर समुद्रात, जायफळाच्या बागा झोपलेल्या. विमानं कधी सुटतील कुणालाच ठाऊक नाही. तीन दिवस ओल्या फरशीवर कुडकुडत काढले. "मम्मी को बोलो, स्वेटर काम आया." सासूबाई आधी रडल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही चुकून बरोबर बोलले होते." आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला.

मी आत गेलो. बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं हात पुसले.

"लाल पेननं तुम्हीच लिहिलं होतं, चारपैकी तीन," ती हळूच म्हणाली. "मले तेव्हाच दिसलं. त्याले जायचंच होतं, म्हणून मीबी विचारलं नाही. आता काढा ते चौथं पान, आणि हा मोसम कधी संपते ते वाचून सांगा."