घोट्याची पकड

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील तमाम जनतेस याद्वारे कळविण्यात येते की, अमेरिकन फुटबॉल हा खेळ पगार घेऊन खेळलेला या भागातला पहिला आणि बहुधा अखेरचा माणूस मीच आहे. हरकत असल्यास कुपवाडला माझ्या लेथवर येऊन नोंदवावी. आजवर कोणी आलेलं नाही. हरकत घ्यायला नाही आणि विचारायलाही नाही.

त्या खेळात लांबुळका चेंडू बगलेत मारून एक जण पळतो आणि समोरचे अकरा त्याला आडवं करतात. मी त्या अकरांतला. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात कबड्डीत मी डावा कोपरा सांभाळायचो. नव्या लीगची माणसं धिप्पाड गडी शोधत पुण्यात आली आणि माझी घोट्याची पकड बघून त्यांनी मला तिथल्या तिथं उचललं. ती पकड वडिलांची देणगी. फौजेतून सुट्टीवर आले की अंगणात स्वतःचा पाय पुढे करून म्हणायचे, "धर. दम जाईस्तोवर सोडायचा न्हाई."

त्यांना मला फौजेतच पाठवायचं होतं. मी बॅग भरली तेव्हा ते आईला म्हणाले, "जातोय तर जा म्हणावं त्याला." तेव्हापासून आमचं सगळं बोलणं आईमार्फत. एका पंगतीला बसलो तरी, "त्याला इचार, भाकरी पायजे का."

सराव हैदराबादला होता. खांद्यावर पाट बांधल्यासारखी पॅडं, तोंडासमोर लोखंडी जाळी. संघात मराठी कोणी नाही. प्रशिक्षक हाक मारायचे ती नंबरनं. मी मैदानाच्या कडेला उभा, आणि चेंडू नेमका पलीकडच्या कडेनं जायचा. कधी कधी अर्धा सामना माझ्याकडे कोणी फिरकत नसे. तेव्हा मी हेल्मेटच्या आत एकटाच 'कबड्डी कबड्डी' घुमवत राहायचो. जाळीमुळे ओठ दिसत नाहीत, ही त्या खेळातली मला सगळ्यात आवडलेली सोय.

एक खोड मात्र गेली नाही. तिथं माणूस पडला, शिट्टी झाली, की सोडून द्यायचं असतं. माझी बोटं सोडायला तयार नसत. मग पंच पिवळं फडकं भिरकावायचे आणि आमच्या संघाला दंड बसायचा.

पहिल्याच हंगामात लीगनं मान टाकली. मी परत आलो. वडील आईला म्हणाले, "त्याला पाणी दे."

पुढं ते सामने टीव्हीवर दाखवले. रविवारी दुपारी निम्मी गल्ली आमच्या सोप्यात. मी खुर्चीवर चढून घोषणा केली, "माझा नंबर सांगणार नाही. ओळखेल त्याला मिसळ!"

"त्यो बघ, त्यो!"

"ह्यो न्हवं रं, ह्यो तर पळतोय."

"मग बाकावर बसलेला असंल गड्या!"

मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. पण खरं सांगायचं तर मिसळ द्यायला मी फार उत्सुक होतो. आणि ओळखायला हवं होतं एकाच माणसानं. तो भिंतीकडच्या खुर्चीत पेपर उघडून बसला होता.

अर्ध्या तासात गंमत संपली. कॅमेरा चेंडूमागं आणि मी चेंडूपासून लांब. कोणी ओळखलं नाही. विहिरीवरच्या मोटारीची लाईट आली म्हणून दोघं उसाला पाणी द्यायला गेले, बाकीचे जांभया देत उठले, आई म्हशीकडे. सोप्यात उरलो मी, वडील आणि तो मोठा पेपर.

तेवढ्यात पडद्यावर एक जण माझ्या कडेनं सुटला. हेल्मेटवाल्या गर्दीतून कोणीतरी खाली झेपावलं, घोटा धरला, गडी आडवा. शिट्टी झाली. बाकीचे उठले. तो एक जण धरूनच पडलेला.

पेपर खाली आला.

"आरं, शिट्टी झाली की! सोड आता त्याचा पाय!"