जखऱ्याला खुणा कशाला?

येशूच्या जन्माच्या गोष्टीतली सगळी माणसं आमच्या वन्संच्या नात्यातली आहेत, असं मी म्हटलं तर भोपाळच्या आमच्या मराठी मंडळीतलं कुणीही नाही म्हणणार नाही. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अवधपुरीत आमच्याच गल्लीत घर घेतलं. चर्चच्या संडे स्कूलमध्ये त्या वर्षानुवर्षं एवढंच शिकवतात: म्हाताऱ्या जखऱ्याला देवदूत दिसला तिथपासून, बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तिथपर्यंत. पुढचं कुणी विचारलं तर म्हणतात, "पुढचं पास्टरसाहेब सांगतील. मोठा झाल्यावर तो सगळ्यांचाच झाला. लहान होता तेव्हा त्याला सांभाळलं कुणी, ते माझ्याकडून ऐका."

आणि सांगतात अशा, की जणू कालच त्या लोकांकडे चहा पिऊन आल्यात. येशूची आई मरीया डोंगर चढून जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे गेली, ते सांगताना वन्संनाच धाप लागते. "दोघी गरोदर बरं का. एक म्हातारी, एक पोर. आणि म्हातारीनं आधी पोरीचं कौतुक केलं! आपल्याकडची असती तर म्हणाली असती, आमच्या वेळी नव्हते हो असले लाड." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुझ्या सुनेचा फोन आला की तू काय बोलतेस, ते ऐकू येतं मला खिडकीतून." झालं! मी बापडी मेथी निवडत बसलेली, माझा काय संबंध? पण वन्संच्या गोष्टीत प्रत्येकाला उभं राहायला जागा असते आणि ती त्या ठरवतात. मरीयेचा नवरा योसेफ तर त्यांचा फार लाडका, कारण तो बायबलातल्या अख्ख्या शुभवर्तमानात एक वाक्य बोलत नाही. सांगितलेलं ऐकतो, उठतो आणि करतो. आमच्या कॉलनीत एक प्लंबर आहे, न बोलता येतो, नळ दुरुस्त करतो, जातो. वन्संनी त्याला योसेफ म्हणायला सुरुवात केली, आता सगळी कॉलनी म्हणते. त्याचं खरं नाव काय ते आम्हाला आठवत नाही, आणि हाक मारली की तोही बिचारा ओ देतो.

एकदा शेजारच्या शर्मीणबाईंचा मुलगा मेळ्यात हरवला. तासाभरानं सापडला, पण बाईंचं रडं काही थांबेना. मैं कैसी माँ, मैं कैसी माँ, एवढंच. वन्सं गेल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "रोओ मत बहनजी. मरियम का भी खो गया था. पूरा दिन चलती रही, पता ही नहीं चला कि लड़का साथ में नहीं है. तीन दिन बाद मिला. और माँ उससे अच्छी कहीं हुई है?" शर्मीणबाईंनी डोळे पुसले, जरा विचार केला आणि विचारलं, "ये मरियम कौन से ब्लॉक में रहती हैं?"

आता वन्संच्या ह्या राज्यात बंडखोर एकच, ते म्हणजे आमचे हे. जन्म गेला मोठ्या कारखान्याच्या तपासणी खात्यात, म्हणजे चूक काढल्याशिवाय जेवण पचत नाही. वन्सं दर नाताळात तीन मुलांना मुकुट घालून पूर्वेकडचे मागी, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले ज्ञानी लोक, म्हणून उभे करायच्या, आणि हे पहिल्या रांगेतून म्हणायचे, "आक्का, तीन कुठं लिहिलंय? भेटी तीन होत्या. माणसं किती ते लिहिलेलंच नाही."

"अरे बाळ, माझ्याकडे मुकुट तीन आहेत!"

"मग मुकुटाचं शुभवर्तमान वाच ना!"

सत्तरी ओलांडलेली भावंडं, पण नाताळच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत अबोला. तिसऱ्या दिवशी उरलेल्या करंज्या घेऊन वन्सं यायच्या, त्या करंज्यांतही ह्यांना खोबरं कमी निघायचं.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात लुळा राहिला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, सगळं कळतंय, ऐकू येतंय, फक्त शब्द फुटत नाही. पण लोकांना हे कोण समजावणार? जो येईल तो खुणा करायचा. तोंडाजवळ बोटं नेऊन, जेवलात का? गालाखाली हात ठेवून, झोप लागते का? पास्टरसाहेबांनी तर कानाशी एवढ्या मोठ्यानं प्रार्थना केली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. हळूहळू ह्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. खुर्चीत असायचे, पण घरात नसायचे.

पास्टरसाहेबांनी ती प्रार्थना केली त्या दिवशी वन्सं तिथंच होत्या. त्यांना म्हणाल्या, "जखऱ्याची वाचा गेली. मुलाचं नाव काय ठेवायचं म्हणून नातेवाइकांनी त्याला खुणा केल्या. का हो? तो मुका होता, बहिरा नव्हता!"

पास्टरसाहेब सज्जन माणूस. म्हणाले, "आत्या, मूळ भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ बहिरा असाही होतो."

"मूळ भाषेत होत असेल. माझा भाऊ मराठी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या पाटी आणि खडू घेऊन आल्या. "जखऱ्यानं पाटी मागून घेतली होती. तू मागणार नाहीस, अकडू आहेस, म्हणून मीच आणली." ह्यांनी पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं! तपासणी खात्यातला माणूस असला माल पास करेल होय?

नाताळला मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले. मुलाच्या मनात आम्हाला कायमचं पुण्याला न्यायचं होतं. जेवताना सगळं ठरत गेलं. तिथलं हॉस्पिटल, तिथली लिफ्ट, इथलं घर भाड्यानं देणं. मग तो वडिलांकडे वळला आणि हातानं आगगाडी करून दाखवली. झुक झुक! आणि अंगठा वर करून, ठीक ना? ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी वन्संकडे बघितलं. आम्ही गेलो असतो तर ह्या गावात त्यांचं रक्ताचं कुणी उरत नव्हतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला विचार. तोंडानं विचार." मग नातीला जवळ ओढलं आणि गोष्ट सुरू केली. "तर ज्या रात्री बाळ जन्मलं ना, त्याच रात्री गव्हाणीपाशी मागी आले. किती? तीन. मोजून तीन. तिघंही राजे. एक जाडा, एक बारीक आणि तिसरा आपला भोपाळचा."

ह्यांच्या मानेची शीर ताठ झाली.

"तिघांचे तीन उंट. आणि हे सगळं शुभवर्तमानात अगदी स्पष्ट लिहिलंय हं, बेटा."

डावा हात खुर्चीवर दाणकन आपटला! नातीनं धावत पाटी आणून दिली. खडू मोडला, दुसरा घेतला. 'तीन कुठे' एवढं लिहून झालं.

"मग किती होते? सांग ना!"

'माहीत नाही. गव्हाण नाही. घर.'

"आणि राजे?"

'राजे नाही!!' उद्गारचिन्हं दोन. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा रागानं लाल झालेला बघितला मी, आणि वाटलं, आले बाई घरी.

मुलगा उठला. खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "पप्पा, पुण्याला यायचंय तुम्हाला?"

ह्यांनी बाहीनं पाटी पुसली. पुष्कळ वेळ लागला. नातीनं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "आक्काशी कोण भांडेल."

वन्सं दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

आम्ही गेलो नाही. मला ती पाटी तशीच भिंतीला टांगून ठेवायची होती, पण सकाळी उठून बघते तर ह्यांनी ती पुसून वर लिहिलं होतं, 'येशू जन्मला तेव्हा एवढ्या थंडीत मेंढरं बाहेर कशी?' आणि वन्सं शाल गुंडाळून उत्तर द्यायला हजर! वाचा अजून आलेली नाही. वन्सं म्हणतात, "जखऱ्याला मूल झाल्यावर वाचा फुटली. तुमच्याकडे आता तसली काही आशा दिसत नाही." हे हसतात. हसण्याचा मात्र आवाज येतो.

ती ओळ पुसली गेली ती गेलीच. आता रोज संध्याकाळी पाटीवर नुसती भांडणं असतात. मरीया म्हणे असलं सगळं आपल्या मनात जपून ठेवायची. माझ्या मनात कुठलं काय राहायला! बोलून टाकलं की मगच मला जेवण जातं. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून ठेवावं.