अर्धी-अर्धी परिक्रमा

“सही करा आणि मोकळे व्हा,” कार्यकारी अभियंता म्हणाले. टेबलावर तलाव-परिक्रमा रस्त्याचं कम्प्लिशन सर्टिफिकेट होतं. तिकडे धरणाजवळ उद्घाटनाची कमान उभी राहत होती, रस्त्यापेक्षा रुंद.

मी साताऱ्यात नुकताच बदलून आलेला उपअभियंता. “एकदा फिरून येतो.”

“इन्स्पेक्शन दोनदा झालंय. ड्रोनचा व्हिडिओसुद्धा आहे.”

“ड्रोनला ओढा आडवा येत नाही, साहेब.”

सही झाली की पलीकडच्या काठावरच्या वस्तीची लाँच बंद होणार होती. रस्ता झाल्यावर लाँच कशाला, असं पत्र फाइलला लागलेलंच होतं. वस्तीचा बाजार आणि दवाखाना त्याच लाँचवर होता.

जीप डाव्या काठानं निघाली. रस्ता उत्तम. प्रत्येक वळणावर ‘व्ह्यू पॉइंट’ची पाटी. मग डांबर संपलं. समोर ओढा, पलीकडे वस्ती. ओढ्याकाठी वस्तीवरच्या हौसाबाई शेळ्या चारत होत्या.

“आवं सायब, समदे हितनंच माघारी वळत्यात,” त्या म्हणाल्या. “त्या अंगालाबी असाच एक वढा हाय. तिकडचं तिकडनं वळत्यात.”

“मधे रस्ता?”

“शेळ्यास्नी हाय.”

उलगडा झाला. काम दोन सबडिव्हिजनना वाटून दिलेलं. दोघांनीही चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, धरणापासूनच मोजलं आणि आपापल्या ओढ्याशी थांबले. मधली वस्ती दुसऱ्याच्या हद्दीत, असा दोघांचाही समज. तपासणारेही ज्या बाजूनं आले त्याच बाजूनं परतले.

ड्रायव्हर संपतला म्हणालो, “जीप धरणावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आण. मी चालत येतो.”

“सायब, चिखल लय हाय.”

“म्हणूनच.”

पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. हौसाबाई पुढे, मी मागे.

“पावसाळ्यात ह्येच पाणी गळ्याला लागतंय,” त्या वळून म्हणाल्या. “तवा या इन्स्पेक्शनला.”

दुसऱ्या ओढ्यात माझा एक बूट राहिला. तो अजून तिथंच असावा.

संध्याकाळी एका बुटानं ऑफिसात शिरलो आणि सर्टिफिकेटवर लिहिलं : ‘डावा रस्ता पूर्ण. उजवा रस्ता पूर्ण. परिक्रमा अपूर्ण. दोन्ही पूल आणि मधला रस्ता होईपर्यंत लाँच बंद करू नये.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “आणि उद्घाटन?”

“रस्ते दोन आहेत. फिती दोन कापता येतील.”

ते हसले नाहीत. पण फिती दोन कापल्या गेल्या. पुलांना आणि मधल्या रस्त्याला पुढे तीन वर्षं लागली. तोवर लाँच रोज सुटत राहिली.

तेव्हापासून एक नियम पाळला. गोल रस्ता तपासायचा, तर आल्या वाटेनं परत यायचं नाही. आणि बूट जुने घालायचे.